रंग गेला, पण कुठे गेला?

विद्यार्थिमित्रांनो, एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात इस्लापूरच्या बाजूला एक शालेय विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पण अशा प्रदर्शनांत परीक्षकाला ज्वालामुखीपासून गांडूळखतापर्यंत सगळ्याच विषयांतले कळते असे गृहीत धरलेले असते, आणि परीक्षकही ते नाकारत नाहीत. नववीतील एका मुलीने दोन बरण्या मांडल्या होत्या. एकीत आठवडी बाजारातून आणलेल्या कपड्याच्या रंगाचे गडद निळे पाणी. दुसरीत तेच पाणी, पण त्यात धिंगरी अळंबी काढून घेतल्यावर उरलेला सोयाबीनचा कुटार तीन दिवस बुडवून ठेवलेला. हे दुसरे पाणी जवळजवळ नितळ झाले होते. वर पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘बुरशी करी पाणी शुद्ध’.

मला प्रयोग आवडला. स्थानिक साहित्य, खर्च नाममात्र, विषय प्रदूषणाचा, आणि मुलगी धीटपणे बोलत होती. मी पहिला क्रमांक देऊन टाकला. निकाल लागल्यावर तिची आजी बरणीपाशी आली, वाकून पाहिले आणि मला विचारले, “मंग सर, हे पाणी म्हशीला पाजावं का?”

मला उत्तर देता आले नाही. ‘नको’ म्हणालो, पण का नको ते सांगता येईना. जे पाणी म्हशीला पाजायला मी तयार नाही, त्याला ‘शुद्ध’ म्हणून मी बक्षीस कसे दिले? परीक्षक म्हणून जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो आजींनी विचारला होता. रंग दिसेनासा झाला खरा. पण तो गेला कुठे?

या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे काही महिने त्या मुलीने, तिच्या विज्ञानाच्या बाईंनी आणि मी मिळून केला. त्यातून माझे जे मत बनले ते आज तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे ठेवायचे आहे. ते असे की, पाणी रंगहीन झाले एवढ्यावर कोणत्याही शालेय प्रयोगाला ‘शुद्धीकरण’ म्हणू नये, आणि बक्षीस तर मुळीच देऊ नये.

पण आधी बुरशीला तिचे श्रेय देऊ या, कारण ते मोठे आहे.

इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. किनवट तालुक्याचा हा भाग सागाच्या जंगलाचा. पावसाळ्यात तिथे एखादा पडलेला ओंडका नीट पाहा. त्याच्या अंगावर पंख्यासारखी किंवा कानाच्या पाळीसारखी भूछत्रे उगवलेली दिसतील. लाकूड बोटाने दाबले तर कधी ते विटकरी रंगाचे असते आणि त्याचे चौकोनी तुकडे पडतात. कधी मात्र ते पांढरे, मऊ, तंतुमय झालेले असते. हा दुसरा प्रकार म्हणजे पांढरी कूज. आपली कथा तिच्यापासून सुरू होते.

लाकूड मुख्यतः दोन गोष्टींचे बनते. सेल्युलोजचे पांढरे तंतू आणि त्यांना सिमेंटसारखे घट्ट धरून ठेवणारे तपकिरी लिग्निन. सेल्युलोज पचवणारे जीव पुष्कळ आहेत. लिग्निनचे तसे नाही. त्याचा रेणू अवाढव्य असतो, बेंझिनसारख्या कड्यांनी भरलेला असतो, आणि त्याच्या रचनेत ठरावीक नक्षी नसते. कुलूप एकच असेल तर एक किल्ली पुरते. इथे प्रत्येक कुलूप वेगळे! पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशींनी यावर उपाय शोधला तो किल्लीचा नव्हे, हातोडीचा. त्या आपल्या तंतूंबाहेर अशी विकरे सोडतात (ज्यांना आपण बोलीत एंझाइमे म्हणतो) की जी समोरच्या रेणूतून सरळ एक इलेक्ट्रॉन खेचून घेतात. इलेक्ट्रॉन गेलेला रेणू अस्थिर होतो आणि आपणहून मोडू लागतो. समोर नेमका कोणता रेणू आहे याची ही विकरे फारशी चौकशी करीत नाहीत.

यांपैकी लॅकेज हे विकर सर्वांत आधी माहीत झाले. १८८३ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ योशिदा यांना ते एका झाडाच्या चिकात आढळले; याच चिकाचा चकचकीत लेप जपानी कारागीर लाकडी भांड्यांना देत. लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात आणि ते हवेतला ऑक्सिजन वापरून काम करते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेत फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या लांबलचक नावाच्या बुरशीत लिग्निन मोडणारे पेरॉक्सिडेज विकर सापडले. हे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने चालते. त्याच वर्षी ग्लेन आणि गोल्ड या संशोधकांनी दाखवून दिले की ही बुरशी काही कृत्रिम रंजकांचाही रंग घालवते. त्यांना खरे तर लिग्निनचाच अभ्यास सोपा करायचा होता. रंजक हे केवळ मोजायला सोयीचे साधन होते. पण कृत्रिम रंजकांच्या रेणूंतही तीच बेंझिनसारखी कडी असतात. म्हणजे झाडाचे लाकूड कुजवण्यासाठी कोट्यवधी वर्षांपूर्वी घडलेली हातोडी माणसाने काल-परवा बनवलेल्या वस्तूवरही चालली.

काल-परवा म्हणण्याचे कारण असे. पहिले व्यापारी यश मिळालेले कृत्रिम रंजक १८५६ मधले. लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अवघा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता आणि हाती आला जांभळा रंग. त्यानंतर रंजकांची रांग लागली. आज कारखान्यांत बनणाऱ्या रंजकांत निम्म्याहून अधिक ‘अझो’ गटातली असतात. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि हा बंध दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडणाऱ्या पुलासारखा असतो. या सलग साखळीत मोकळेपणी पसरलेले इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशातील काही तरंगलांब्या शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. तोच रंग. पूल तोडा, रंग गेला.

तुम्ही म्हणाल, इस्लापूरला रंगाचा कारखाना कुठे आहे? नाही. पण तुमच्या अंगातल्या गणवेशाचे कापड कुठे तरी रंगवलेले आहे. ते इचलकरंजीचे असेल, सोलापूरचे असेल, सुरतेचे किंवा तिरुपूरचे असेल. १९५६ पासून बाजारात आलेली ‘क्रियाशील’ रंजके सुती धाग्याशी पक्का रासायनिक बंध बांधतात, म्हणून तर रंग धुऊन जात नाही. मात्र रंगवताना त्यांचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो. तो भाग मग कापडाच्या कामाचा राहत नाही आणि सांडपाण्यात जातो. दुकानात आपण विचारतो, “रंग जाणार नाही ना? उन्हात उडणार नाही ना?” नेमका हाच टिकाऊ गुण नदीत गेल्यावर अवगुण ठरतो. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा होते तेव्हा शहरांच्या मैलापाण्याबरोबर इचलकरंजीच्या रंगाई उद्योगाचेही नाव येते. तमिळनाडूत नोय्यल नदीची अवस्था अशी झाली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यात नदीकाठच्या शेतकऱ्यांची बाजू होती, तशी रोजगार गेलेल्या हजारो कामगारांचीही होती. तेव्हा रंगीत पाण्याचा प्रश्न गंमतीचा नाही.

आता बरणीकडे परत येऊ.

रंगीत पाणी नितळ दिसण्याचे किमान तीन मार्ग आहेत. पहिला, रंग चिकटणे. कुटाराच्या आणि बुरशीच्या तंतूंचा पृष्ठभाग मोठा असतो. रंजकाचे रेणू त्यावर जाऊन बसतात. याला अधिशोषण म्हणतात. रंग पाण्यातून निघाला तो कुटारावर गेला, एवढेच. कचरा अंगणातून उचलून ओसरीवर टाकावा तसे!

दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. रंग लपणे. प्रयोगशाळेतले मिथिलीन ब्लू तुम्हाला ठाऊक असेल. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, म्हणजे त्याचे क्षपण झाले, की ते रंगहीन होते; पुन्हा ऑक्सिजन मिळाला की निळे. दुधाची प्रत तपासण्याची एक जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे : दुधात जिवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर नाहीसा होतो. बरणीत कुटार कुजू लागला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मिथिलीन ब्लू असेच रंगहीन होऊ शकते. बरणीचे झाकण उघडून दोन मिनिटे जोरात हलवा. निळा रंग परत आला तर समजावे की रंजक जिथल्या तिथे होते. निळीच्या हौदातही हेच घडते : हौदातले कापड बाहेर काढताना पिवळट-हिरवे असते आणि हवेत धरले की आपल्यादेखत निळे होते.

तिसरा मार्ग म्हणजे रेणू खरोखर मोडणे. आपल्याला हवा आहे तो हा. पण इथेही थांबायचे नाही. मोडल्यावर तुकडे कोणते पडले? काही जिवाणू ऑक्सिजन नसताना अझो रंजकाचा पूल तोडतात. पाणी स्वच्छ दिसते, पण तुकडे ॲरोमॅटिक अमाइन वर्गातले निघू शकतात. त्यांपैकी बेंझिडीन हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे कारण म्हणून ओळखले गेले आहे. अशी अमाइने सोडणाऱ्या अझो रंजकांवर जर्मनीने १९९४ मध्ये निर्बंध घातले आणि भारतानेही १९९० च्या दशकात अशा अनेक रंजकांवर बंदी आणली. मॅलाकाइट ग्रीनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. माशांना होणारा बुरशीचा रोग मारण्यासाठी हा हिरवा रंग वापरीत. माशाच्या शरीरात त्याचे रंगहीन रूप तयार होते, ते मांसात दीर्घकाळ टिकते आणि तेही घातकच असते. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि माशाच्या मांसात विष शिल्लक!

बुरशीची बाजू इथे वरचढ आहे हे मान्य केले पाहिजे. ती इलेक्ट्रॉन देत नाही, काढून घेते. आणि तिच्या पेरॉक्सिडेजने काही अझो रंजकांतील तो नायट्रोजनचा पूल नायट्रोजन वायूच्या रूपात निघून जातो असे प्रयोगांत दिसले आहे. पण ‘काही रंजकांत’ आणि ‘प्रयोगांत’ हे शब्द वाचताना गाळू नका.

आमच्या दुसऱ्या प्रयोगाकडे वळतो. बाजारातल्या पुडीत काय असते ते कळायला मार्ग नाही, म्हणून बाईंनी शाळेतले मिथिलीन ब्लू घेतले. या वेळी दोन नव्हे, चार बरण्या मांडल्या. एकीत नुसते निळे पाणी. दुसरीत जिवंत बुरशीचा कुटार. तिसरीत तेवढाच बुरशीचा कुटार, पण प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून थंड केलेला, म्हणजे बुरशी मेलेली आणि विकरे निकामी झालेली. चौथीत बुरशी कधी न लागलेला, शिजवलेला कुटार.

दुसऱ्या दिवशी मुलगी हिरमुसली. मेलेल्या बुरशीच्या बरणीतही पाणी फिकट झाले होते, आणि नुसत्या कुटाराच्या बरणीतही! म्हणजे प्रदर्शनातल्या ज्या नितळ पाण्याला मी पहिला क्रमांक दिला, त्यात बुरशीचे कर्तृत्व किती आणि भुसकटाचे किती हे सांगता येणे शक्यच नव्हते. मिथिलीन ब्लूचे रेणू धनभारित असतात आणि काष्ठतंतूंना ते सहज चिकटतात. कदाचित कुटाराऐवजी जुने पोते बुडवले असते तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी तिला म्हटले, अजून थांब. पंधरा दिवसांनी कुटार बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पसरला. शिजवलेल्या दोन्ही बरण्यांतला निळाच्या निळा. जिवंत बरणीतला मात्र जागोजागी फिका पडलेला, विशेषतः जिथे पांढरे कवकजाल दाट होते आणि हवा लागत होती तिथे. तेव्हा काही तरी मोडत होते. किती मोडले आणि त्याचे काय झाले हे आमच्या साधनांनी कळण्यासारखे नव्हते. पण ‘काही तरी मोडत होते’ हे वाक्य आम्ही कमावलेले होते. ‘बुरशी करी पाणी शुद्ध’ हे कमावलेले नव्हते.

पदार्थविज्ञानाचा माणूस असल्यामुळे एका गोष्टीवर मला थोडे रेंगाळू द्या. ‘पाणी नितळ झाले’ हा निवाडा डोळ्यांनी करू नये. समजा, रंगीत द्रावणाचा १ सेंटिमीटर जाडीचा थर ठरावीक रंगाचा निम्मा प्रकाश अडवतो. मग २ सेंटिमीटर थर किती अडवील? सगळा नव्हे, दुसरा सेंटिमीटर उरलेल्यातला निम्मा अडवतो, म्हणून पाव प्रकाश पार जातो. तिसऱ्यानंतर अष्टमांश. हाच बिअर-लँबर्ट नियम. याचा उलटा अर्थ असा की, परीक्षानळीच्या अरुंद थरात जे पाणी बिनरंगी भासते तेच बादलीत रंगीत दिसू शकते. म्हणून उंच काचनळी पांढऱ्या कागदावर उभी धरा आणि वरून आत पाहा. फिका रंगही उघडा पडतो. याहून बरे म्हणजे एक छोटा रंगमापक करा. एका बाजूला लाल एलईडी, मध्ये परीक्षानळी, पलीकडे एलडीआर म्हणतात तो प्रकाशाने रोध बदलणारा घटक, आणि त्याला जोडलेला मल्टिमीटर. सगळे काळ्या कागदाने मढवलेल्या खोक्यात. लाल का? कारण निळे रंजक लाल प्रकाश शोषते. निळा एलईडी लावाल तर रंजक असूनही प्रकाश आरपार जाईल आणि तुम्ही फसाल. ज्ञात प्रमाणात पातळ केलेली पाच-सहा द्रावणे आधी मोजून आलेख काढा, मग बरणीतले पाणी मोजा.

मुगाचीही परीक्षा घेतली. प्रत्येक बरणीतल्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर वीस-वीस मूग ठेवले आणि मोड मोजले. निळ्या पाण्यातली मुळे आखूड निघाली, ते अपेक्षितच होते. पण नुसत्या कुटाराच्या पाण्यातलीही आखूड निघाली! कुजणाऱ्या कुटारातून उतरलेला तपकिरी अर्कच मुगाला मानवला नसावा. तेव्हा आणखी एक बरणी हवी होती : रंग नसलेली, साधे पाणी आणि कुटार एवढेच असलेली. ती आम्ही विसरलो होतो. पुढच्या वेळी ठेवू.

काही शिक्षक म्हणतील, शाळेत एवढे सगळे कुठून करायचे? वेळ नाही, प्रयोगशाळा नाही, प्रदर्शन पंधरा दिवसांवर. ही अडचण खोटी नाही. पण कुकर घरोघरी आहे, मूग आहेत, वर्तमानपत्राचा कागद आहे. एक शिजवलेली बरणी जास्त ठेवायला दहा रुपयेही लागत नाहीत. अडचण दुसरीकडे आहे, आणि तिला आम्ही परीक्षक जबाबदार आहोत. ज्या प्रयोगात ‘यश’ चटकन दिसते त्याला आम्ही गुण देतो. ज्यात मुलगी म्हणते “सर, मेलेल्या बुरशीनेही रंग गेला, मला कळत नाही” त्याला देत नाही. मुलांना हे लगेच उमगते. मग चौथी बरणी कोण ठेवील?

मोठ्या प्रयोगशाळांत काय करतात ते पाहा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंजकांच्या विघटनावर वर्षानुवर्षे काम केले आहे. पंचगंगा तिथून जवळच. पाव फुगवणारे यीस्ट हीसुद्धा एक बुरशीच. तिच्याकडून मॅलाकाइट ग्रीनचे रूपांतर कसे होते यावरचा जाधव आणि गोविंदवार यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या गटाच्या निबंधांत रंग किती टक्के गेला एवढे सांगून थांबत नाहीत; उरलेली द्रव्ये कोणती ते ओळखण्याचा प्रयत्न असतो आणि बऱ्याचदा ज्वारी-गव्हासारख्या पिकांच्या बियाण्यावर त्यांचा परिणामही तपासलेला असतो. आजींचा म्हशीचा प्रश्न आणि ही चाचणी यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

मग बुरशीने नद्या स्वच्छ होतील का? माझे मत विचाराल तर, एकट्या बुरशीवर कोणी भिस्त ठेवू नये. रंगाईचे सांडपाणी बहुधा गरम, खारट आणि अल्कधर्मी असते. या बुरशींना सौम्य आम्लता मानवते. त्या सावकाश वाढतात, आणि उघड्या टाकीत जिवाणू त्यांच्यावर मात करतात. म्हणूनच चाळीस वर्षांच्या संशोधनानंतरही त्यांचा वापर बहुतांशी प्रयोगशाळांत आणि लहान संयंत्रांतच आहे. कारखानदारीत लॅकेजने पाय रोवले ते भलतीकडेच : १९९० च्या दशकापासून जीन्सचे कापड फिके करण्यासाठी ते विकर वापरले जाते. रंग काढायला बुरशीचे विकर, आणि तेही फॅशनसाठी! ‘बुरशी आहे ना, मग सोडा पाणी नदीत’ असे उद्या कोणी म्हणू लागला तर त्याला आधी हे सारे तपशील विचारा. मुळात रंजक वायाच कमी जाईल अशी रंगाई करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रयोग करणार असाल तर चार गोष्टी पाळा. रंगाच्या पाण्यात ठेवलेल्या कुटारावर अळंबी उगवली तर ती खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. जंगलातली अनोळखी भूछत्रे तोंडात घालू नका. हातमोजे वापरा आणि कुटार हाताळताना नाकातोंडाला रुमाल बांधा, कारण बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. उरलेले पाणी ओढ्यात ओतू नका. मिथिलीन ब्लू चिमूटभरच घ्या, म्हणजे विल्हेवाटीचा प्रश्नही चिमूटभर राहील.

ती मुलगी आता शाळेतून पुढे गेली आहे. या वर्षी तिच्या धाकट्या भावाने पाच बरण्या मांडल्या आहेत. पाचवी साध्या पाण्याची. पुठ्ठ्यावर या वेळी मथळा नाही, नुसता आलेख आहे. आजी अधूनमधून येऊन पाहून जातात. म्हशीला अजून विहिरीचेच पाणी मिळते.